दुपारच्या पाण्यातली शीळ

होळी आटोपली की आमच्या नागपुरातल्या हुडकेश्वरच्या ले-आउटमध्ये, म्हणजे प्लॉट पाडून वसलेल्या वस्तीत, घरोघरचे कूलर बाहेर निघतात. वर्षभर पोत्याखाली झाकलेली ती पत्र्याची धुडं अंगणात आणून धुतात, ताट्यांमधला काळा पडलेला वाळा उपसून फेकतात, नवा भरतात. पहिल्या दिवशी पंप सुरू केला की ओल्या वाळ्याचा वास एका घरातून दुसऱ्या घरात जातो. शेजारी म्हणतात, लागला गा उन्हाळा. यंदाही म्हणाले. मी मान हलवली, आत आलो आणि आमच्या कूलरचं बटण सुनंदालाच दाबू दिलं. सुनंदा म्हणजे माझी बायको. गेल्या तीन उन्हाळ्यांपासून आमच्या घरी ते बटण तीच दाबते. पाणी थेंबाथेंबानं ताटीतून उतरायला लागतं तो पहिला आवाज मला एकट्यानं ऐकवत नाही.

त्याला कारण तो एक उन्हाळा आहे. त्या उन्हाळ्यात मी नागपुरात बसून समुद्र ऐकला.

आमच्या गावापासून समुद्र सगळ्याच बाजूंनी लांब आहे. साठी उलटेपर्यंत मी तो पाहिलेलाही नव्हता. मी टेलिफोन एक्सचेंजमधला माणूस. सगळी नोकरी टेस्ट डेस्कवर गेली. टेस्ट डेस्क म्हणजे जिथं बसून बिघडलेल्या लाइनी कानानं तपासायच्या ती जागा. लाइन तुटली असेल तर एक प्रकारची शांतता येते, तार जमिनीला टेकली असेल तर वेगळी घरघर येते, आणि पावसाळ्यात केबलमध्ये पाणी शिरलं की कढईत भजी तळल्यासारखा आवाज येतो. गांधीबागेतल्या कुठल्या गल्लीत केबल भिजली आहे, हे मी डेस्कवरून न उठता सांगत असे. लाइन तपासताना लोकांची बोलणी कानावर पडायचीच. त्याबद्दल आम्हाला जुन्या साहेबांनी एकच शिकवलं होतं, की ऐकलं ते तिथंच सोडून उठायचं. मी ते इतकं पाळलं, की कुणाची लाइन होती हेसुद्धा घरी येईपर्यंत विसरत असे. या गोष्टीचा मला अभिमान होता. त्या उन्हाळ्यापर्यंत होता.

माझ्या धाकट्या भावाची मुलगी प्रज्ञा समुद्रातल्या प्राण्यांचा अभ्यास करते. आमच्या घरात पाण्याशी असं नातं कुणाचंच नव्हतं. ती दोन वर्षांपासून मालवणाकडच्या एका लहान गावात राहत होती. तिथल्या समुद्राचा एक पट्टा संरक्षित आहे. मोठ्या ट्रॉलरना तिथं मज्जाव, पण गावातल्या लहान होड्या पूर्वापार तिथंच जाळी टाकतात. डॉल्फिनही तिथंच येतात. जाळ्यात अडकलेली मासळी डॉल्फिनना आयती मिळते. ते धड तेवढं कापून नेतात आणि मुंडकी जाळ्यात तशीच ठेवतात. फाटलेलं जाळं आणि रिकामी मुंडकी बघून मच्छीमार चिडतात, आणि तेच मच्छीमार डॉल्फिन कुठं उसळतात ते बघून बांगडा कुठं आहे हे ओळखतात. हे भांडणही आहे आणि शेजारही आहे. डॉल्फिन जाळ्याजवळ केव्हा येतात, कशासाठी येतात, हे प्रज्ञाला पाण्याखालून ऐकायचं होतं. त्यासाठी तिच्याकडे बाटलीएवढं एक यंत्र होतं. ते जाळ्याच्या दोरीला बांधायचं, की पाण्यातला आवाज त्यात साठत जातो.

गावात कुणी ते यंत्र बांधून घेईना. ही पोरगी सरकारला जाऊन सांगणार आणि आपली जाळी बंद होणार, असं लोकांना वाटत होतं. एकच माणूस तयार झाला, बाबल. साठीच्या आसपासचा, एकट्यानं होडी नेणारा, फारसा कुणात न मिसळणारा. बाकीचे पहाटे जाऊन येत. बाबल सकाळी उन्हं वर आल्यावर खाडीच्या तोंडाशी जाळं टाकायचा आणि दुपारी ओढायचा. हे मला सगळं प्रज्ञानं होळीला घरी आली तेव्हा सांगितलं. तासन्‌तास आवाज साठले होते, संगणक त्यातून डॉल्फिन निवडून देत होता, पण होडीच्या इंजिनाला आणि दगडावर घासणाऱ्या दोरीलाही तो डॉल्फिनच म्हणत होता.

“मोठेबाबा, मले तुमचा कान पाहिजे,” ती म्हणाली. “तुम्ही बसून बसून कंटाळूनच राहिले न.”

ते खरं होतं. निवृत्त होऊन दोन वर्षं झाली होती आणि मी घरातला नळ कुठं गळतो हे झोपेत ऐकत होतो.

दर आठवड्याला कुरिअरनं संगणकाला जोडायची एक डबी यायची, तीत तिकडचे आवाज असायचे. सीताबर्डीवरून मी चांगला हेडफोन आणला. पहिल्या दिवशी कानाला लावला आणि प्रज्ञाला फोन करून सांगितलं, की तुझ्या यंत्राच्या तारेत पाणी शिरलं आहे. ती खूप हसली. म्हणाली, तिथं पाणीच आहे. तो तळण्याचा आवाज खडकातल्या एका बोटभर झिंग्याचा होता. हे झिंगे आपली नांगी चुटकीसारखी वाजवतात, असे हजारो, दिवसभर. मग त्या तळणाच्या मागे काय आहे ते ऐकायला मी शिकलो. डॉल्फिनचा आवाज आपल्या कानाला फार बारीक, म्हणून तो संथ करून ऐकायचा. संथ केला की टिकटिक ऐकू यायची. डॉल्फिन ती टिकटिक पाण्यात सोडतो आणि तिच्या पडसादावरून समोर काय आहे ते जाणतो. मासळी जवळ आली की टिकटिक घाईची होते, घाईची होत होत एक सलग करकर होते, आणि एकदम थांबते. ती थांबली की समजायचं, मासा गेला.

उन्हाळ्यातली नागपूरची दुपार कुणी बाहेरच्यानं पाहावी. अकरानंतर रस्त्यावर माणूस दिसत नाही. कुत्री नालीत उतरून पडतात. दारं बंद, पडदे ओले, ले-आउटमधल्या रिकाम्या प्लॉटवरून गरम वारा एकटाच फिरतो आणि कुणाच्या तरी गेटची कडी वाजवून जातो. लहानपणी आई आम्हाला भर दुपारी चिंचेखाली जाऊ द्यायची नाही. त्यातलं काही मी कधी मानलं नाही. पण त्या दिवसांत मी पडदे ओढून, हेडफोन लावून बसायचो, भिंतीवरच्या घड्याळात बारा वाजलेले असायचे आणि यंत्रातल्या वेळेतही बाराच. मधे मात्र दोन आठवडे असायचे. मी ऐकत होतो ते सगळं तिकडे होऊन गेलेलं होतं. पाण्यातले ते जीव माझ्या कानाशी यायचे, माझ्याभोवती फिरायचे, आणि मला ठाऊक असायचं, की आता या घटकेला ते तिथं नाहीत. घाम पुसता पुसता माझ्या पाठीवर काटा यायचा. गंमत म्हणजे ते मला हवंसंही वाटायचं.

तीन आठवड्यांत मी दोघींना ओळखायला लागलो. एक मोठी होती, तिची टिकटिक ठाम, भरीव. तिच्या मागोमाग एक लहान यायचं. त्याची टिकटिक पातळ, मधेच अडखळणारी, करकर करायला जाऊन फसणारी. मी मनात त्यांना मोठी आणि लहानी म्हणत असे. लहानी शिकत होती, हे मला ऐकू येत होतं. एकदा तिची करकर नीट जमली आणि मी एकटाच खोलीत “जमलं” म्हणालो. सुनंदानं स्वयंपाकघरातून विचारलं, कोणाशी बोलून राहिले? मोठीची एक शीळ होती. सुरुवातीला खाली उतरणारी, मग तळाशी जराशी थबकून वर चढणारी. प्रज्ञानं सांगितलं होतं, की अशी शीळ प्रत्येकीची स्वतःची असते, नावासारखी. लहानी लांब गेली की मोठी ती घालायची आणि लहानी परत यायची.

ज्या दुपारबद्दल सांगायचं ती एप्रिलच्या शेवटाला माझ्यापर्यंत आली. सुनंदा गच्चीवर कुरडया घालत होती. यंत्रात बाबलच्या होडीचं इंजिन आलं, थांबलं. जाळं पाण्यात उतरलं. जाळ्याच्या खालच्या दोरीला शिशाचे मणी असतात, ते एकमेकांवर वाजत खाली गेले. इंजिन दूर गेलं. मग बराच वेळ तळण. मग मोठी आली, लहानीही आली. लहानीची करकर सुरू झाली, घाईची झाली, आणि शिशाचे मणी एकदम खडखडले.

पातळ टिकटिक थांबली. मण्यांची खडखड चालू राहिली, जोरानं, मग थांबून थांबून. मग थांबली. आणि मोठीची शीळ सुरू झाली.

मी टेस्ट डेस्कवर माणसांचं रडणं ऐकलेलं आहे. दंगलीच्या, अपघाताच्या, निकालाच्या दिवशी लाइनी तशाच असतात. हे त्यातलं काही नव्हतं. शीळ बदलत नव्हती. तिच्यात घाई नव्हती, चढ नव्हता. तीच उतरण, तेच थबकणं, तीच चढण, मग उत्तरासाठी मोकळी सोडलेली जागा. पुन्हा तेच. त्या मोकळ्या जागेत झिंगे तळत होते. त्या मोकळ्या जागा ऐकणंच सगळ्यात जड होतं.

मग इंजिन आलं. जाळं वर ओढलं जाऊ लागलं, आणि दोरीला बांधलेलं यंत्र पाण्याबाहेर आलं. आवाज एकदम कोरडा, जवळचा झाला. मी हात घाईनं पुढे करून तो नेहमीच्या गतीवर आणला. माणसाचा धापा टाकणारा श्वास. लाकडावर काहीतरी ओलं, जड ठेवल्याचा आवाज. सुरीनं दोऱ्या कापल्याचा आवाज, खूप वेळ, एकेक करून. आणि होडीच्या अगदी कडेला दुसरा श्वास, फुस्स करून पाणी उडवणारा, मोठा. बाबल कुणाशी तरी हलक्या आवाजात बोलत होता. “उगी रव गो. उगी रव.” मग ते जड काहीतरी परत पाण्यात सोडल्याचा आवाज आला. त्यानंतर होडी हलली नाही. तासभर नुसतं पाणी होडीला लागत राहिलं, आणि मधून मधून तो कडेचा श्वास. शेवटी बाबल म्हणाला, “जा गो बाय. हंय आता तुजा काय नाय.”

मी हेडफोन काढला. बाहेर टळटळीत ऊन होतं. गच्चीवरून सुनंदाच्या पावलांचा आवाज येत होता.

प्रज्ञानं मला एक वही दिली होती. वेळ, काय ऐकलं, शेरा. मी त्या दुपारसमोर लिहिलं, “आवाज अस्पष्ट. यंत्रात बिघाड.”

का लिहिलं, याची मी पुढे स्वतःलाच बरीच कारणं दिली. डॉल्फिन मारणं गुन्हा आहे, हे मला ठाऊक होतं. बाबलनं मारलं नव्हतं, पण त्याच्या जाळ्यात मेलं होतं, आणि दोन्हीतला फरक कुण्या कचेरीत किती वेळ टिकतो हे मी नोकरीत पाहिलं होतं. गावात एकट्या त्या माणसानं प्रज्ञावर विश्वास टाकला होता. त्याच्यावरच बालंट आलं असतं तर गावानं तिला दुसऱ्या दिवशी काढून दिलं असतं. ही सगळी कारणं खरी होती. पण लिहिताना माझ्या मनात त्यातलं एकही नव्हतं. माझा हात सवयीनं चालला होता. ऐकलं ते तिथंच सोडून मी उठलो होतो.

रविवारी प्रज्ञाचा फोन आला. तिनं विचारलं, या वेळच्या डबीत काही विशेष? मी म्हणालो, नाही. ती बरं म्हणाली.

पुढच्या डबीत दर दुपारी शीळ होती. बाराच्या सुमाराला मोठी यायची, एकटी, आणि तीच शीळ घालायची. टिकटिक जवळजवळ नाही. म्हणजे ती खायला येत नव्हती. त्यापुढच्या डबीतही तेच. आणि तिथं मला एक गोष्ट खटकायला लागली, जी मी दोन दिवस मनातून बाजूला सारत होतो. शिशाचे मणी वाजत नव्हते. इंजिन यायचं, थांबायचं, यंत्र पाण्यात उतरल्याचा बुडबुडा यायचा, पण जाळं उतरत नव्हतं. दोरी घासत नव्हती. नुसतं यंत्र, आणि त्याच्यावर थांबलेली होडी. बाबल रोज सकाळी समुद्रात जात होता, जाळं न टाकता ते यंत्र हातानं पाण्यात सोडून बसत होता, दुपार सरली की काढून परत जात होता.

का? मी ते स्वतःला विचारलं आणि हेडफोन न लावताही मला शीळ ऐकू यायला लागली. आधी वाटलं, बोअरवेलच्या पाइपातून येते. मग वाटलं, कूलरच्या पंपात हवा धरते आहे. एका दुपारी दिवे गेले, कूलर थांबला, सगळं ले-आउट मुकं झालं, आणि त्या शांततेत गच्चीवरून ती शीळ आली. उतरली, थबकली, चढली. मी अनवाणी जिना चढून गेलो. पाय भाजले. वर सुनंदा वाळलेल्या कुरडया डब्यात भरत होती आणि ओठांतल्या ओठांत तीच धून घोळवत होती.

तिनं कधी हेडफोन कानाला लावला नव्हता. मी तिला विचारलं, ही कुठून आणली तू?

“कुठून म्हणजे?” ती म्हणाली. “तुम्हीच तर वाजवून राहिले दोन हप्त्यांपासून. न्हाणीत, झाडाले पाणी देताना. परवा जेवता जेवता वाजवली. मले वाटलं, जुनं गाणं असेल एखादं.”

मला त्यातलं काहीही आठवत नव्हतं. मी तिथंच पाण्याच्या टाकीच्या सावलीत बसलो आणि तिला सगळं सांगितलं. ती खाली आली, माझ्या खुर्चीत बसली, आणि तिनं ती एप्रिलमधली दुपार सुरुवातीपासून शेवटपर्यंत ऐकली. हेडफोन काढला तेव्हा तिच्या कानांभोवती घामाच्या गोल खुणा होत्या. वही उघडून तिनं माझा शेरा वाचला.

“लेकरू मेलं तिचं,” ती म्हणाली, “अन् तुम्ही मशीन बिघडली लिहिलं. प्रज्ञाले फोन लावा.”

मी फोन लावला. सांगताना माझा आवाज लाइनमध्ये दोष असल्यासारखा येत होता, हे मलाच कळत होतं. प्रज्ञानं मधे एकदाही तोडलं नाही. शेवटी विचारलं, “काहून लपवलं तुम्ही, मोठेबाबा?”

मी म्हणालो, मला वाटलं तो माणूस अडकेल. त्याला बिचाऱ्याला ठाऊकच नसणार की यंत्र चालू आहे.

मग तिनं जे सांगितलं ते मी अजून विसरलो नाही. त्या यंत्रावर लाल दिवा आहे. ते पाण्याबाहेर आलं की बटण दाबून बंद करायचं, नाहीतर बॅटरी उतरते, आणि बाबल ते कधी चुकला नव्हता. त्या दिवशी त्यानं बंद केलं नाही. समोर ठेवून बसला. संध्याकाळी यंत्र तिच्या हातात देताना म्हणाला, आजचं नीट ऐक. तिला वेगळं काही वाटलं नाही. सगळे आवाज नागपूरला जातात, तिथं आमचे मोठेबाबा ऐकतात, असं तिनं त्याला सांगितलं. तेव्हापासून दर सोमवारी तो तिच्या दारात यायचा आणि विचारायचा, नागपूरचे काय म्हणाले? ती दर सोमवारी सांगत होती, काही विशेष नाही म्हणाले.

त्यानं तोंडानं न सांगता येणारी गोष्ट माझ्या कानात घातली होती, आणि मी तीन आठवडे त्याला उत्तर देत होतो, की यात विशेष काही नाही. म्हणून तो रोज यंत्र घेऊन जातच राहिला. त्याला वाटलं असावं, एकदा ऐकून नागपूरच्या माणसाला कळलं नाही, तर पुन्हा ऐकवू.

प्रज्ञा त्याच दिवशी त्याच्या घरी गेली. नंतर तिनं मला सांगितलं, की बाबल ओसरीवर बसून तिचं सगळं ऐकत होता, आणि ऐकल्यावर त्यानं एवढंच विचारलं, म्हणजे त्यांनी ऐकलं होतं ना? ती म्हणाली, हो, पहिल्याच दिवशी. मग तो म्हणाला, लिही, माझ्या नावानं लिही. लहानगीला मोठीनं तीन दिवस नाकावर धरून पाण्यावर ठेवलं होतं, हे त्यानं तेव्हा सांगितलं. तो रोज जवळ जाऊन बघत होता. चौथ्या दिवसापासून ती मोकळी येत होती, त्याच जागी.

प्रज्ञानं लिहिलं. त्यानंतर गावात व्हायचं ते झालं. लोक तिच्या खोलीवर आले, मोठ्यानं बोलले, एकानं तिचं सामान रस्त्यावर ठेवायची भाषा केली. मग देवळासमोर बैठक झाली. बाबल आयुष्यात पहिल्यांदा चारचौघांत उभा राहिला आणि काय घडलं ते त्यानं सांगितलं. तो खाली बसला. मग एक जण उठला आणि म्हणाला, माझ्याही जाळ्यात एकदा. मग दुसरा. ते सगळे आपापल्या वाट्याचं तळाशी पुरून बसलेले होते. कचेरीतून माणसं आली, पंचनामा झाला, बाबलला दोनदा बोलावून नेलं आणि सोडलं. कागद अजून फिरत आहेत. पण कागद येण्याआधीच गावानं आपसात ठरवलं, की लहान पिल्लं असतात त्या महिन्यांत खाडीच्या तोंडाशी जाळं टाकायचं नाही. सगळे पाळतात असं नाही. दोघे-तिघे अजून टाकतात, आणि त्यांच्या घरी पोट आहे हेही खरंच. बाबलनं मात्र जाळं सोडलं ते सोडलंच. तो आता गरी टाकून मिळेल तेवढीच मासळी आणतो.

इकडे मी वहीतला तो शेरा खोडला आणि त्यापुढे ऐकलं ते सगळं लिहिलं. दीड पान झालं. बुद्धपौर्णिमेला प्रज्ञाचे आई-वडील आमच्याकडे खीर खायला आले होते. पोरगी कशी आहे, तिकडे त्रास तर नाही, असं विचारत होते. मी पहिल्यांदाच त्यांना ऐकलेलं सांगितलं. सांगता येतं, हे मला एवढ्या उशिरा कळलं. किती वर्षं किती लाइनींवर काय काय ऐकून मी तसाच उठलो असेन. त्यात कुणी मुद्दाम बोलत असेल का, कुणीतरी तिसरा ऐकतो आहे हे ठाऊक असून, ऐकावं म्हणूनच? आता ते शोधायला जागा नाही. एक्सचेंजची ती खोलीही राहिली नाही, तिथं आता कसलं तरी गोदाम आहे.

जूनमध्ये मासेमारी बंद झाली आणि डब्या यायच्या थांबल्या. शेवटच्या डबीत शीळ नव्हती. मोठी दुसरीकडे गेली की गप्प झाली, ते आवाजावरून सांगता येत नाही. प्रज्ञाला मी तसंच लिहून दिलं.

थंडीत मी आणि सुनंदा तिकडे गेलो. समुद्र पाहिला. त्याचा वरचा आवाज मला साफ परका होता. एवढा आरडाओरडा करणारं पाणी मी आधी ऐकलेलंच नव्हतं. बाबल किनाऱ्यावर वाट पाहत उभा होता. बारीक, काळा, डोळ्यांच्या कडा उन्हानं आवळलेल्या. त्यानं माझ्याकडे पाहिलं ते सरळ माझ्या कानांकडे पाहिलं असं मला वाटलं. मी त्याची माफी मागायचं ठरवून गेलो होतो. वाक्यही तयार होतं. त्यानं ते बोलूच दिलं नाही. होडीत बसा, म्हणाला.

खाडीच्या तोंडाशी त्यानं इंजिन बंद केलं. दुपार झाली होती. पाणी सपाट, वारा पडलेला, किनाऱ्यावरचे माड हलत नव्हते. एवढ्या उजेडातही त्या जागेवर बसून राहावंसं वाटत नव्हतं. होडीत तो आणि मीच होतो, सुनंदा त्याच्या घरी थांबली होती. पाण्याकडे बघत तो म्हणाला, “तुमी आयकलास मां? माका कधीच आयकाक येवक नाय.”

मला आधी समजलं नाही. मग समजलं. पाण्यावर बसलेल्या माणसाला पाण्याखालचं काही ऐकू येत नाही. इतके दिवस तो यंत्र सोडून वर बसला होता. ती समोर येते, डोकं काढते, श्वास घेते, बुडते, एवढंच त्याला दिसायचं. ती काय म्हणते ते त्यानं एकदाही ऐकलं नव्हतं. प्रज्ञानं त्याला संगणकावर लावून देते म्हटलं होतं. मशीनवर नको, म्हणाला होता.

“कशी हाक मारी ती?” त्यानं विचारलं.

मी ओठ ओले केले. शीळ घालायला श्वास घेतला, तेवढ्यात त्यानं पुढे वाकून माझं मनगट धरलं. त्याचा हात थंड होता.

“हंय नको,” तो हळू म्हणाला. “ती आयकात. तिका वाटात, पोर इला.”

आम्ही परत आलो. होडी वर ओढून, वाळू चढून त्याच्या घरी गेलो. त्याच्या घरात मागच्या खोलीला समुद्राकडे एक लहान खिडकी होती. त्याला बायकोला काही सांगावं लागलं नाही. तिनं खोबरं किसायचं थांबवून ती खिडकी लावून घेतली, दार लावलं, आणि सुनंदाच्या शेजारी भिंतीला टेकून उभी राहिली. बाबल जमिनीवर बसला. मी त्याच्यासमोर बसलो आणि शीळ घातली. खाली उतरणारी, तळाशी जराशी थबकणारी, वर चढणारी. मग जेवढी मोकळी जागा ती सोडायची, तेवढा वेळ मी गप्प राहिलो.

“अजून एकदा,” बाबल म्हणाला, आणि उठून खिडकीची कडी नीट बसली आहे ना, ते पाहून आला.